रुपरावकाकांचा रिकामा रकाना

रुपराव सोमकुवरांबद्दल चांगलं बोलणारी माणसं आमच्या वस्तीत पायलीची पन्नास सापडतील. मी त्यांतली नाही. निदान तीन वर्षं तरी नव्हते. त्यांचं नाव कुणी काढलं की माझ्या पोटात दुखायचं, आणि त्या दुखण्यावर ओवा चालत नाही हे मलाही कळत होतं. म्हणूनच त्यांच्याबद्दल लिहायचं तर मीच लिहिलेलं बरं. कौतुक करणाऱ्याला माणूस अर्धाच दिसतो. हेवा करणारा त्याला पायाच्या नखापासून पाहतो.

उत्तर नागपुरात आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराला लागून एक अभ्यासिका आहे. खाली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं बसतात, वरच्या मजल्यावर चौदा कॉम्प्युटर आहेत. ते चौदाही मी नऊ वर्षं सांभाळले. मी मयुरा रामटेके. सकाळी एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि तीननंतर अभ्यासिकेत. मानधन नावापुरतं होतं, पण नाव होतं. कुणाचा फॉर्म भरायचा असो, टायपिंगच्या परीक्षेची भीती घालवायची असो, सगळे म्हणायचे, मयुराताईले विचार. ते ऐकायची मला सवय लागली होती. सवयच म्हणते, कारण चटक म्हटलं तर माझंच मला वाईट वाटेल.

रुपरावकाका आले ते पेपर वाचायला. एसटीत चौतीस वर्षं मेकॅनिक होते, निवृत्त झाल्यावर घरी करमेना. बुटका बांधा, कडक इस्त्रीची पँट, कानामागे पेन्सिल, आणि उजव्या अंगठ्याचं नख पान्याखाली सापडून कायमचं काळं झालेलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी खालच्या खोलीतल्या कूलरचा पंप दुरुस्त केला. दुसऱ्या आठवड्यात वर आले आणि बंद पडलेल्या दोन कॉम्प्युटरांकडे असे पाहू लागले, जसा डॉक्टर दारात उभा राहूनच पेशंट पाहतो. मी म्हटलं, काका, ते गेलेले आहेत, भंगारात द्यायचे आहेत. त्यांनी सायकलचा पंप आणून आतली धूळ उडवली, एक तार काढून परत बसवली, आणि दोन्ही सुरू झाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

मग त्यांनी डेपोच मांडला. प्रत्येक कॉम्प्युटरवर पांढऱ्या रंगाने नंबर घातले, एक ते चौदा, आणि त्यांना ते गाड्या म्हणू लागले. सात नंबरची गाडी आज गरम होऊन राहिली, असं बोलायचे. त्यांच्या बायकोच्या, मीराबाईंच्या जुन्या साड्या फाडून त्यांनी चौदा झाकणं शिवली. मीराबाई एकदा डबा द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, मले कधी नवी आणली नाही अन् इथं चौदा जणींले नेसवून ठेवलं. सगळे हसले. मीही हसले, पण मला त्या साड्यांचासुद्धा राग आला.

सगळ्यांत जास्त राग आला तो त्यांच्या रजिस्टरचा. एसटीत म्हणे ड्रायव्हर गाडी डेपोत लावली की तक्रार लिहून देतो, मेकॅनिक कारण शोधतो, काम करतो, सही करतो. सहीशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही. तसंच रजिस्टर त्यांनी अभ्यासिकेसाठी आखलं. तारीख, गाडी नंबर, तक्रार, कारण, काय केलं, सही. पानांना नंबर घातलेले, त्यामुळे पान फाडायची सोय नाही. रकाना कोरा ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम होता. समितीचे अध्यक्ष देवाजीबाबा दर रविवारी ते रजिस्टर वाचून खाली सही करायचे. नऊ वर्षांत मी काय काय केलं ते माझ्या डोक्यात होतं. त्यांनी काय केलं ते कागदावर होतं. समितीला कागद कळतो.

तरी इथवर मी सहन केलं असतं. पण मग प्रशिक आला मध्ये.

प्रशिक माझा विद्यार्थी. कामठीचा, वडील पॉवरलूमवर, रोज शेअर ऑटोत कोंबून यायचा. त्याला कीबोर्डवर बोटं ठेवायला मी शिकवलं. तो पुण्याला कंपनीत लागला, तिथे टाकून दिलेले कॉम्प्युटर त्यानेच आम्हाला पाठवले, त्यात विंडोजच्या जागी फुकटची लिनक्स घालून. पुढे त्याने मराठी टायपिंगच्या सरावाचं एक अ‍ॅप स्वतः बनवलं आणि तेही पाठवलं. कुणाकडे? रुपरावकाकांकडे. फोन कुणाला करायचा? रुपरावकाकांना. तासतास दोघं बोलायचे, आणि काका कॉम्प्युटरवर ती काळी खिडकी उघडून दोन बोटांनी एकेक अक्षर टाइप करायचे. टर्मिनल म्हणतात तिला. माउस नाही, चित्र नाही, फक्त हुकूम लिहायचा आणि उत्तर वाचायचं. एंटर मारायच्या आधी हात उचलून पूर्ण ओळ एकदा वाचायची, हा काकांचा शिरस्ता. गाडीखाली माणूस आहे का पाहिल्याशिवाय इंजिन चालू करायचं नसतं, असं मुलांना सांगायचे.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. विद्या मी दिली आणि गुरुदक्षिणा भलत्याच्या झोळीत. एक गोष्ट मात्र मी सोयीस्कर विसरले होते. दोन वर्षांपूर्वी प्रशिकने पहिला फोन मलाच केला होता. ताई, काळी खिडकी उघडा, मी सांगतो, असं म्हणाला होता. मी त्याला झटकून टाकलं. माझ्यापाशी टाइम नाही, ते तुझ्या काकाले सांग, असं माझ्याच तोंडाने म्हटलं. ज्याला माउसने सगळं जमतं त्या माणसाने आंधळ्यासारखं चाचपडत का बसायचं, हे माझं म्हणणं. खरं कारण वेगळं होतं. मुलांच्या समोर चुकायची मला लाज वाटत होती. काकांना ती वाटत नव्हती.

आता मुद्द्याची गोष्ट. कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रत्येक अ‍ॅपचं नाव दिसतं. आमच्याकडे ती नावं मी मराठीत करून ठेवली होती, पत्रलेखन, तक्ते, आकडेमोड, शब्दकोश, आणि प्रशिकच्या अ‍ॅपला टंकन सराव. पण ते नुसतं दर्शनी नाव. अ‍ॅपचा आतला आयडी वेगळा असतो, इंग्रजीत, मध्ये टिंबं देऊन लिहिलेला, आणि कॉम्प्युटर ओळखतो तो आयडीवरून. हे काकांनी मुलांना असं समजावलं की ती आयुष्यात विसरणार नाहीत. गाडीची पाटी बदलली की तीच गाडी सकाळी पारशिवनीची असते आणि संध्याकाळी नरखेडची. पण चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कोरलेला नंबर तोच राहतो. तो नंबर पाहिजे असेल तर चेसिसवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, छाप उमटते. काळ्या खिडकीतला हुकूम म्हणजे ती पेन्सिल. तेव्हापासून आमच्या अभ्यासिकेत आयडी शोधणे याला छाप घेणे म्हणतात. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. इतकं सोपं करून मला नऊ वर्षांत काही सांगता आलं नव्हतं, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि त्यामुळे मी आणखीच चिडले.

मार्चमध्ये देवाजीबाबांनी सांगितलं की एक संस्था आमच्या अभ्यासिकेला संगणक प्रमुखाचं एक पद देणार आहे. पक्कं, पगारी. संस्थेचे दोन लोक एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी येऊन पाहतील. त्यांची अट एकच होती. सरावाच्या वेळेत मुलांनी भलतंसलतं उघडू नये, ठरवलेली पाचच अ‍ॅप उघडली पाहिजेत. मी मनात त्या खुर्चीवर बसूनही घेतलं. तेवढ्यात देवाजीबाबा म्हणाले, दोन नावं देऊ आपण, तुहं अन् रुपरावचं, कोणाले द्याचं ते पाहू. रुपरावकाकांना पेन्शन होती, घर होतं, मुलगा कमावता होता. मला शाळेचं काम पुढच्या वर्षी राहील की नाही याची खात्री नव्हती. हे कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही. माझी बाजू मी सांगायची म्हणजे मागून घेतल्यासारखं झालं असतं.

परवानगीची यादी माझ्याकडे आली, तिचा पासवर्ड माझा. एका कॉम्प्युटरवर यादी भरली की बाकीच्या तेरांवर आपोआप जायची सोय प्रशिकने करून ठेवली होती. यादीत आयडी लागतात, म्हणून गुरुवारी काकांनी मला एक चिठ्ठी दिली. त्यांच्या ठसठशीत अक्षरात चार आयडी. पाचवा नव्हता. टंकन सरावचा. मी विचारलं तर कानामागची पेन्सिल काढून परत लावत म्हणाले, तो मी शनिवारी सकाळी येऊन टाकतो, तुमी तेवढी ओळ माझ्यासाठी रिकामी ठेवा.

माझं डोकं तिथेच फिरलं. चार माझ्या हाताने आणि पाचवा, ज्याच्यावर सगळा खेळ, तो पाहुण्यांच्या तोंडावर स्वतःच्या हाताने. म्हणजे संस्थेचे लोक जिना चढून येतील तेव्हा काका काळी खिडकी उघडून बसलेले असतील, आणि मी चहा सांगायला गेलेली असेन. मीही काही दुधखुळी नाही, असं मी स्वतःला म्हटलं. पाचवी ओळ रिकामी ठेवली नाही. तिथे दर्शनी नाव लिहून टाकलं, टंकन सराव, आणि यादी कुलूपबंद केली. आता ते चालणार नाही हे मला माहीत होतं. पाटीवरून गाडी ओळखता येत नाही हे त्यांच्याच तोंडून मी वीस वेळा ऐकलं होतं. छाप मला स्वतःलाही घेता आली असती, एका ओळीचा हुकूम होता, त्यांच्या रजिस्टरच्या पहिल्याच पानावर लिहिलेला. पण मी काय ठरवलं होतं ते स्पष्टच सांगते. शनिवारी अ‍ॅप उघडू नये, आणि ते त्यांचं अ‍ॅप आहे हे सगळ्यांना ठाऊक असावं.

शनिवारी काका सातलाच आले. मी त्यांच्या आधी पोचले होते. पाचही टाकले, यादी बंद केली, असं मी त्यांना दारातच सांगितलं. ते थबकले. माझ्याकडे असे पाहू लागले की मला वाटलं यांना कळलं.

"पाचही? छाप घेतली तुमी?"

"घेतली," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. साड्यांची झाकणं काढून घड्या करत बसले, आणि मधूनच माझ्याकडे पाहत होते, मी काहीतरी बोलेन अशी वाट पाहत असल्यासारखे. मला वाटलं, खेळ हातातून गेला म्हणून हिरमुसून बसले आहेत. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

साडेदहाला पाहुणे आले. चौदा मुलं चौदा गाड्यांवर. पत्रलेखन उघडलं, तक्ते उघडले, आकडेमोड, शब्दकोश. पाहुण्यांतल्या बाई मान डोलवत होत्या. मग देवाजीबाबा अभिमानाने म्हणाले, आता टायपिंग पाहा, हे आमच्याच पोराने बनवलं आहे. मुलांनी टंकन सराववर माउसचं बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. चौदा पडद्यांवर एकच चौकट आली, की या अ‍ॅपला परवानगी नाही. तीन नंबरवर मोनाली बसली होती, टायपिंगची परीक्षा तिची आठ दिवसांवर होती. ती आधी काकांकडे वळली, मग माझ्याकडे. मी तो क्षण मनात शंभर वेळा घोळवला होता, पण त्यात मोनालीचा चेहरा नव्हता.

देवाजीबाबांनी काकांकडे पाहून विचारलं, काय झालं गा रुपराव? मी जमिनीकडे पाहत होते. काका यादी उघडायला सांगतील, पाचवी ओळ दिसेल, आणि मला म्हणायचं होतं की मला काय माहीत, चिठ्ठीत चारच होते. वाक्य तयार होतं.

"माझ्याकडून राह्यलं," काका म्हणाले. "आयडी द्याचा होता, मी दिला नाही. ताईची चूक नाही."

देवाजीबाबांनी पाहुण्यांना पोहे खायला खाली नेलं. मुलं जागेवर बसून राहिली. काका सात नंबरच्या कॉम्प्युटरपाशी गेले, खुर्ची मागे ओढली, पण बसले नाहीत. रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, ताई, आता तुमीच घ्या छाप.

मी खोटं बोलले होते हे त्यांना त्या वेळी कळलेलं होतं. घेतली असती तर अ‍ॅप उघडलं असतं. पण त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यामुळे मी बसले. आधी रजिस्टर उघडलं, की पाचवा आयडी तिथे तरी असेल. अ‍ॅपांचं पान होतं. चार नावं, त्यांच्यापुढे चार आयडी, निळ्या शाईत. पाचवं नाव टंकन सराव. पुढचा रकाना कोरा. या माणसाने तीन वर्षांत एक रकाना कोरा ठेवला नव्हता. गाडी नऊ, तक्रार काही नाही, हेसुद्धा लिहिणारा माणूस.

मग काळी खिडकी उघडली. पहिल्या पानावरचा हुकूम पाहून एकेक अक्षर उतरवलं. नऊ वर्षं मुलांना टायपिंग शिकवणारी मी, आणि काकांसारखी दोन बोटांनी टाइप करत होते.

flatpak list --app --columns=name,application

एंटर मारायच्या आधी मी हात उचलला आणि ओळ वाचली. काकांकडे पाहून नाही, हात आपोआपच उचलला गेला. मग एंटर मारलं. पाच ओळी आल्या. डावीकडे नावं, उजवीकडे आयडी. वरचे चार चिठ्ठीतलेच. पाचवा असा होता.

in.mayuratai.sarav

मी तो तीन वेळा वाचला. आयडी उलट्या पत्त्यासारखा असतो, आधी देश, मग घर, मग माणूस, हे काका मुलांना सांगायचे. देश इन. म्हणजे इंडिया. घराच्या जागी मयुराताई. मग सराव. प्रशिकने हे अ‍ॅप बनवलं तेव्हा त्याच्या आत, जिथे कुणी पाहत नाही आणि पाटी बदलली तरी जे बदलत नाही, तिथे माझं नाव घातलं होतं. आणि मी दोन दिवसांपूर्वी त्याच अ‍ॅपच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं.

मागे वळून पाहिलं तर काका खिडकीबाहेर पाहत होते. मी कुलूप उघडलं, पाचव्या ओळीतलं नाव पुसलं, आयडी टाकला. पोहे खाऊन पाहुणे वर आले तोवर चौदाही गाड्यांवर टंकन सराव उघडलं होतं आणि मोनालीची बोटं चालू झाली होती. देवाजीबाबा पाहुण्यांना म्हणाले, आमच्या मयुरानं पाच मिनिटांत केलं. पाहुण्या बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. जाताना देवाजीबाबा माझ्या कानाशी म्हणाले, आता कोणाले विचाराचं कामच नाही. उद्या समितीत सांगतो, पोस्ट तुहीच.

दीड वाजता सगळे गेले. काकांनी कॉम्प्युटर बंद केले, झाकणं घातली. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापत होतं. मी विचारलं.

"काका, तुमाले मालूम होतं?"

ते सात नंबरच्या झाकणाचा कोपरा सरळ करत राहिले.

"ज्या दिवशी प्रशिकनं पाठवलं त्याच दिवशी छाप घेतली होती मी. दीड साल झालं. तो म्हणे, काका, ताईले तुमी सांगजा, मी सांगतलं तर रडतीन. मी नाही सांगतलं."

"काहून?"

"जळलो मी, ताई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चौतीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. लोकाले डायवर मालूम राह्यते, कंडक्टर मालूम राह्यते. मेकॅनिकचं नाव कोण्या गाडीवर हाय? अन् तुमचं त्यानं चेसिसवर कोरलं. मी रोज त्या पोरासंग बोलत होतो, तरी तुमचं. मले वाटलं, नाही सांगा लागत. मंग लाज वाटे, पण सांगाची हिंमत नाही होये. म्हून चिठ्ठीत लिहिलं नाही. म्हटलं, पाचवा आपण टाकून देऊ, तुमाले दिसणारच नाही."

तीन वर्षं मी ज्या माणसावर जळत होते तो दीड वर्ष माझ्यावर जळत होता, आणि आम्ही दोघं एकाच खोलीत एकाच कूलरची हवा खात होतो. मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. उलट मला परत त्यांचाच हेवा वाटला, आणि या वेळचा सगळ्यांत कडू होता. कारण त्यांनी जे सरळ सांगून टाकलं ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं. सकाळी त्यांनी माझी चूक आपल्या अंगावर घेतली होती. ती कुणाची होती हे त्यांना कळलं असेल, पण जाणूनबुजून होती हे त्यांना मी सांगितल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि मी सांगितलं नाही तर दुसऱ्याच दिवशी, रविवारी, ती खुर्ची माझी होती.

तोंडातून निघेना म्हणून मी रजिस्टर ओढलं. तारीख लिहिली. गाडी नंबर एक ते चौदा. तक्रार, टंकन सराव उघडत नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं, मयुरा रामटेके हिने यादीत आयडीऐवजी नाव टाकले, चालणार नाही हे माहीत असून, रुपराव सोमकुवर यांना खाली पाहायला लावण्यासाठी. पुढचे दोन रकाने रिकामे ठेवून मी ते त्यांच्यापुढे सरकवलं.

त्यांनी चष्मा लावून एंटर मारायच्या आधी वाचतात तसं सावकाश वाचलं. मग म्हणाले, हे उद्या रविवारी देवाजी पाह्यतीन. मी म्हटलं, पाहू द्या.

पाहिलंही. देवाजीबाबांनी ते पान दोनदा वाचलं, चष्मा काढला, आणि सही न करता रजिस्टर मिटलं. पद ना मला मिळालं ना काकांना. काकांनी नाव स्वतःच मागे घेतलं. आता त्या खुर्चीत एम.सी.ए. झालेली एक मुलगी बसते, पायल. हुशार आहे, गोड बोलते, मुलं तिच्या मागे मागे असतात. तिचाही मला हेवा वाटतो. स्वभावाला औषध नाही. शाळेचं काम यंदापुरतं टिकलं आहे, आणि अभ्यासिकेत मी अजून जाते, नावापुरत्या मानधनावर. तीननंतर काका आणि मी एका टेबलाशी बसतो, आणि प्रशिकचा फोन आला की तो दोघांच्या मध्ये ठेवतो.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. माझं लिहिलेलं वाचून झाल्यावर काकांनी कारणाच्या रकान्यात माझ्या ओळीखाली आपली एक ओळ घातली, रुपराव सोमकुवर यांनी आयडी लपवला. काय केलं, या रकान्यात लिहिलं, दुरुस्त. सही केली. मग पानं मागे उलटत ते अ‍ॅपांच्या पानावर आले, टंकन सरावपुढच्या त्या कोऱ्या रकान्यापाशी. कॉम्प्युटर बंद होते, सगळ्यांवर साड्या होत्या, चिठ्ठी नव्हती, कुठे पाहायला काही नव्हतं. काकांनी पेन उचललं आणि निळ्या शाईत, एकही टिंब न चुकता, माझं नाव पाठ लिहिलं.